आबांच्या चपलांचा फोटो

तीसेक वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली असे बरेच काही पाहिले. त्यातले पुष्कळ विसरलो. एका पुढाऱ्याच्या पायांतल्या चपलांचा तपास मात्र काल घडल्यासारखा डोळ्यांपुढे आहे.

निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती. धुळे जिल्ह्यात, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. विधानसभेची आचारसंहिता लागली होती. परवान्याची शस्त्रे जमा करून घेणे, हद्दीतल्या उपद्रवी मंडळींना नोटिसा, सभांचे बंदोबस्त, दिवसाआड वरिष्ठांकडे अहवाल, अशी धावपळ चालू होती. अशात एका सकाळी एक उमेदवार ठाण्याच्या मागच्या दाराने आत आले. सोबत कोणी कार्यकर्ता नव्हता. हातात एक पाकीट होते.

त्यांचे नाव सांगत नाही. सगळा तालुका त्यांना आबा म्हणे, मीही तेच म्हणतो. वय साठीच्या आसपास, शेतकरी कुटुंबातले, जिल्हा परिषदेत निवडून आलेले. चार वर्षांपूर्वी एका सभेत ते बोलून गेले होते, "तापीचं पाणी तालुक्यात येईपर्यंत पायात वहाण घालणार नाही." तिथेच चपला काढल्या आणि घरी चालत गेले. दुसऱ्या दिवशी वितळत्या डांबरावर टेकलेल्या त्यांच्या तळव्यांचा फोटो फोनाफोनांवर फिरला. पुढे त्यांचे स्वतःचे पेज निघाले, रील निघाल्या, भिंती रंगल्या. फलकावर उमेदवाराचा चेहरा छापतात, आबांच्या फलकावर पाय असत. धुळ्यापासून मुंबईपर्यंत लोक त्यांना 'अनवाणी आबा' म्हणू लागले.

खरे सांगायचे तर अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. बंदोबस्ताला उभा राहणारा पोलीस नेत्याला दोन्ही बाजूंनी पाहतो. कॅमेरा आला की झाडू हातात घेणारे आणि कॅमेरा गेला की हात धुवायला पाणी मागणारे मी रग्गड पाहिले होते. पण एकदा सोनगीरच्या अलीकडे महामार्गावर ट्रक उलटला होता. मे महिना, भर दुपार. मी पंचनाम्याला उभा होतो. आबा रस्त्याच्या कडेने चालत आले. सोबत कॅमेरा नव्हता, पाठीमागे गर्दीही नव्हती. ते कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालत होते. काळ्या डांबरापेक्षा तो पट्टा कमी तापतो, हे रोज अनवाणी चालणाऱ्यालाच ठाऊक असते. नाटक करणारा माणूस डांबराच्या मधोमध चालला असता. त्या दिवसापासून मी त्यांना मनातून मानत होतो.

तर त्या सकाळी आबांनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवले. आत एक फोटो आणि एक छापलेली चिठ्ठी होती. फोटोत आबा कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्या पायांत निळ्या, मऊ तळाच्या चपला होत्या. चिठ्ठीत दोनच ओळी: 'निवडणुकीचा अर्ज मागे घ्या. नाही घेतलात तर हा फोटो सगळा तालुका पाहील.'

"फोटो खरा आहे?" मी विचारले.

"खरा शे," आबा घरच्या बोलीत म्हणाले. मग शांतपणे त्यांनी डावा पाय उचलून दाखवला. तळव्याला सुपारीएवढी जखम होती, कडा काळवंडलेल्या. "साखर शे माले. नाशिकला डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी दवाखान्यात चालताना चपला घालायला लावल्या. बाहेर पडताना काढून ठेवल्या."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय, घाबरवतातच. साहेब, चार वर्षं लोकांनी हे पाय पाहिले. आता ऐन निवडणुकीत चपला दिसल्या तर पहिल्या दिवसापासून खोटं होतं असं म्हणतील. मी केलेलं खरंसुद्धा खोटं ठरेल."

अर्ज मागे घेण्याची मुदत संपायला चार दिवस होते. गुन्हा दाखल केला असता तर फोटो कागदोपत्री आला असता आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता. म्हणून मी त्यांचा तक्रार अर्ज घेतला आणि चौकशीवर ठेवला. पाकिटावर चाळीसगावचा शिक्का होता. जंक्शनचे गाव, कोणीही येता-जाता पेटीत टाकू शकतो. तरी माझ्या डोक्यात दोन गोष्टी अडकल्या. धमकी देणारा पैसे मागत नव्हता. आणि तो 'घ्या', 'घेतलात' असे लिहीत होता. मी आजवर वाचलेल्या धमक्यांत समोरच्याला 'तू'च म्हटलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या चहावाल्याने हवालदाराच्या कानावर एक गोष्ट घातली. तो आमचा जुना खबऱ्या. आबांचा तो पहिला प्रसिद्ध फोटो काढणारा फोटोग्राफर वर्षभरापूर्वी त्यांच्याशी भांडून विरोधी उमेदवाराकडे गेला होता. त्याचा स्टुडिओ चाळीसगावात होता आणि तो चहा पिताना म्हणाला होता, "हवा मीच भरली, काढायचीही मला माहीत आहे."

सगळे जुळत होते. मी त्याला बोलावून घेतले.

चाळिशीचा माणूस. अंगावर छान शर्ट, पण बोटे सतत खिशातल्या फोनशी चाळा करत होती. अर्धा तास मी त्याला नुसते इकडचे तिकडचे विचारले. आरोपी खोटे बोलण्याची तयारी करून येतो, गप्पांची करून येत नाही. तो मोकळा बोलत होता. पुढाऱ्याचा फोटो काढताना कॉलर नीट का करायची नाही, घाम का पुसायचा नाही, म्हाताऱ्या बाईच्या हातात हात असेल तर कॅमेरा तिच्या बाजूने का धरायचा, हे सगळे त्याने अगदी रंगून सांगितले.

"मग आबांना तुम्हीच घडवलं म्हणायचं," मी सहज म्हटले.

"नाही साहेब. आबा खरंच चालत होते. मी फक्त खाली वाकलो."

हे वाक्य मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवले.

मग त्याच्यापुढे तो फोटो ठेवला. तो दचकला, पण पकडला गेलेला माणूस दचकतो तसा नाही. त्याने फोटो उचलला, खिडकीजवळ नेला, बराच वेळ पाहिला.

"हा माझा नाही. माझा असता तर मला अभिमान वाटला असता. आबांचे मी हजारो फोटो काढले असतील. पण हा चेहरा मला कधी मिळाला नाही. कॅमेरा दिसला की आबांचा जबडा आवळतो. इथे बघा, हसतायत. घरच्या माणसाकडे बघावं तसे."

"पुढे बोला."

"आणखी एक सांगू? मी त्यांचं पेज रोज बघतो. आता आमचा धंदाच तो. दोनेक महिने झाले, पेजवर आबांचा डावा पाय दिसत नाही. प्रत्येक फोटो त्या बाजूने कापलेला. मला वाटलं, नवीन माणूस अडाणी आहे. पण आता वाटतं, कापणाऱ्याला काहीतरी माहीत आहे."

हवालदाराने आणि मी त्याच्यासमोरच फोनवर पेज उघडले. त्याचे म्हणणे खरे होते. सभा, पदयात्रा, विहिरीचे पूजन, सगळीकडे उजवा पाय पूर्ण, डावा पाय चौकटीच्या बाहेर.

"पेज कोण चालवतं?"

फोटोग्राफर खाली पाहत म्हणाला, "सगळ्यांना माहीत आहे साहेब. त्यांची मुलगी."

आबांच्या ड्रायव्हरला विचारले तेव्हा त्यानेही सांगितले, नाशिकला ताई परस्पर चाळीसगावहून रेल्वेने आल्या होत्या. निळ्या चपला त्यांनीच विकत घेतल्या.

मुलगी चाळीसगावला दिली होती. तिथल्या कॉलेजात शिकवत होती. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी करायची असते, म्हणून महिला कॉन्स्टेबलला घेऊन साध्या कपड्यांत गेलो. तिशीची, चष्मा लावलेली, शांत बाई. मी फोटो टेबलावर ठेवला. तिने नाकारले नाही. उठून आम्हा दोघांना पाणी दिले आणि समोर बसली.

"पेजसाठी पदयात्रेचे फोटो निवडत होते," ती म्हणाली. "मोठा करून पाहिला तर तळव्यावर काळं दिसलं. आधी वाटलं चिखल असेल. मग जुने फोटो काढले. चार-पाच दिवसांत ते वाढत होतं. मी आबांना फोन केला तर म्हणाले, काटा रुतलाय. हट्ट करून नाशिकला बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाय जमिनीला टेकवायचा नाही, नाहीतर कापावा लागेल. आबा तिसऱ्या दिवशी पदयात्रेला निघाले."

"आणि तुम्ही फोटो कापत राहिलात."

"हो. तेच सहन होत नव्हतं. तो पहिला फोटो फोटोग्राफरने काढला, पण तालुकाभर मी पसरवला. 'अनवाणी आबा' हे नाव मी दिलं. ते चालत होते आणि मी मोजत बसायचे, किती लोकांनी पाहिलं, किती जणांना आवडलं. माझं ऐकत नव्हते. वाटलं, लोकांना भितात, तर लोकांचीच भीती घालू. निवडणूकच नसली तर घरी बसतील."

"फोटो खरंच बाहेर काढला असता?"

तिने चष्मा काढून पुसला. "नाही. पण त्यांना ते माहीत नव्हतं ना."

माझ्या शेजारी बसलेल्या कॉन्स्टेबलने डोळे पुसले. मी तिला नंतर त्याबद्दल काही बोललो नाही.

मुलीने एकच विनंती केली, वडिलांना ती स्वतः सांगणार, आम्ही सोबत असावे. दुपारी आम्ही आबांच्या गावी पोचलो. ओसरीवर कार्यकर्ते होते. आबांनी मला पाहून त्यांना बाहेर पाठवले आणि आम्हाला आतल्या खोलीत नेऊन ते खाटेवर बसले. मुलगी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आबा, ते पत्र मी धाडं."

आबांना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा चेहरा पडला. "मनी पोर?" माझीच पोर का, असे ते माझ्याकडे पाहून म्हणाले, जणू मी नाही म्हणेन. मग तिला, "माले का नही सांगं?"

"दहा डाव सांगं आबा. तुम्ही ऐकं का?" इतका वेळ पुस्तकी मराठी बोलणारी ती एकदम घरच्या बोलीत आली. "पाय जाई आबा, पाय! मंग कसानी पदयात्रा?"

आबा उठायला गेले. डावा पाय टेकला आणि कळ दाबत पुन्हा बसले. तिने तो पाय ओढून मांडीवर घेतला. त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. मी खिडकीतून बाहेर कपाशीकडे पाहत राहिलो.

शेवटी आबा मला म्हणाले, "साहेब, पोरीवर काही करू नका."

"तुमची तक्रार नसेल तर मी काय करणार?"

त्यांनी तसा जबाब लिहून दिला. मी शेरा मारला: 'अर्जदाराचे समाधान झाल्याने अर्ज दप्तरी दाखल.' माझे काम तिथे संपले होते. आबांनी मात्र अर्ज मागे घेतला नाही. मुदत संपली, चिन्ह मिळाले आणि दोन दिवसांनी बाजाराच्या गावी त्यांची सभा लागली. बंदोबस्त माझ्याकडेच होता.

दुपारी चारच्या सुमारास आबांची गाडी आली. दार उघडले आणि आधी एक निळी चप्पल बाहेर आली. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. विरोधकांची दोन पोरे गर्दीत होती, त्यांनी फोन वर धरले. आबा काठीला टेकत मंचावर चढले. त्यांची मुलगी खाली, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिच्याही हातात फोन होता. ती चित्रण करत होती.

आबांनी माइक धरला. "मी शपथ घेतली होती. आज मोडली. कोणाच्या दबावाने नाही. साखर वाढली, पायाला जखम झाली, डॉक्टरांनी सांगितलं, पाय कापावा लागेल. दोन महिने मी हे तुमच्यापासून लपवलं. फोटो कापून टाकायला लावले नाहीत, पण कापले जात होते आणि मला बरं वाटत होतं. तुम्ही मला या पायांसाठी ओळखता. आता हे पाय चपलेत आहेत. मत द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

एवढेच. टाळी पडली नाही. बाजारातल्या मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणाऱ्या माणसानेही हात थांबवला होता. मी काठी घट्ट धरली, कारण गर्दी अशी गप्प झाली की पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उभी राहिली. आवाज खणखणीत. "आबा, आमले पानी जोयजे. तुना पाय कापीसन पानी येई का? घाल चपला, पन पानी लई ये!"

चपला घाल, पण पाणी घेऊन ये, एवढाच तिचा हिशेब. आधी बायका हसल्या, मग सगळी सभा हसली. त्या हसण्यात टवाळी नव्हती. आबा हसले, आणि या वेळी कॅमेरा समोर असूनही त्यांचा जबडा आवळला नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. विरोधकांनी चपलांचे मोठे फलक लावलेच. आबा निवडून आले, पण पूर्वीसारखे सहज नाही. डाव्या पायाचे एक बोट गेले, पाय वाचला. मी निवृत्त झालो तेव्हा पाणी निम्म्या गावांपर्यंत पोचले होते. उरलेल्या गावांतले लोक त्यांना आजही भर सभेत उठून विचारतात, असे ऐकतो.

या प्रकरणात कोणी अटकेत गेले नाही, म्हणून नोकरीच्या हिशेबात ते कुठेच धरले गेले नाही. मला मात्र त्याने बरेच शिकवले. पुढाऱ्याची प्रतिमा म्हणजे मुखवटा आणि तो ओढून काढणे म्हणजे तपास, असे मी समजत होतो. खोटा मुखवटा माणूस वेळ आली की सहज फेकतो, तो आपला नाही हे त्याला ठाऊक असते. आबांची प्रतिमा खरी होती, स्वतःच्या पायांनी चालून मिळवलेली होती. अशी प्रतिमा, तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांसमोर, आपल्या हाताने उतरवायला छाती लागते. ती मी त्या बाजाराच्या गावी पाहिली. गणवेशात टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.