सोनचाफ्याचं अत्तर

पनवेलच्या बाजारात दुकानदाराने माझ्या मनगटावर सोनचाफ्याचं अत्तर लावलं. अगदी झाडावरून नुकत्याच काढलेल्या फुलाचा वास. पाय भरून आले होते, म्हणून तिथल्याच स्टुलावर टेकले आणि तळोज्याचे दिवस आठवले.

तिथल्या एका केमिकल कंपनीत मी पॅकिंगला होते. कितीही साबण लावला तरी अंगाचा उग्र वास जात नसे. शिफ्ट संपवून घरी गेले की माझी वर्षाची लेक तोंड फिरवून सासूबाईंना बिलगायची. एकदा कंपनीत कपडे बदलताना हे सांगता सांगता मला रडूच आलं. सोबत काम करणाऱ्या बेलपाड्याच्या वत्सलाताईंनी पिशवीतून सोनचाफ्याच्या अत्तराची कुपी काढून माझ्यापुढे धरली.

"लाव गो बाय. पोर जवल आली नाय तं मना सांग."

त्या संध्याकाळी लेक आली. माझ्या मानेत नाक खुपसून झोपलीसुद्धा. मला मात्र वाईट वाटलं. ती फुलाकडे आली, माझ्याकडे नाही, हे पुढे कितीतरी वर्षं मनात सलत राहिलं.

आता वाटतं, कशाला मनाला लावून घेतलं? तिला कुशीत घेऊन, भिंतीला टेकून, मीही त्या दिवशी कित्येक महिन्यांनी शांत झोपले होते.