हरेल त्याने टीव्ही झाकायचा

रिसोडला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वस्तू बंद पडली की कारण असतंच — ओलावा, शॉर्ट, नाहीतर गिऱ्हाइकाने आपटलेली. त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे, चमत्काराचे अनुभव मी आजवर चहासोबत वाचून हसत आलो. आज स्वतः लिहायला बसलोय आणि हसू येत नाहीये.

मला जुने डबा टीव्ही जमवायचा नाद आहे. मानोऱ्याच्या भंगारातला, केनवडला कुणाच्या माळ्यावर पडलेला... लोक फुकट देतात, वर "घेऊन जा बाप्पा, जागा अडून राह्यली" म्हणतात. लहानपणीचे व्हिडिओ गेम एलईडीवर खेळून बघा — बटण आत्ता दाबा, उडी मग मारणार! आणि बदकं मारायची ती प्लॅस्टिकची बंदूक तर काचेच्या पिक्चर ट्यूबशिवाय चालतच नाही.

हा नाद दादाने लावला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. बंद केला की काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि बारीक होत होत विझायचा. विझताना ज्याचं बोट ठिपक्यावर, तो जिंकला. हरेल त्याने मायने राघू-मैना भरलेलं कापड टीव्हीवर झाकायचं. बहुतेक वेळा मीच झाकायचो. "झाक, बारक्या," असं तो ऐटीत म्हणायचा की नुसता संताप व्हायचा. बारक्या मला जगात तो एकटाच म्हणतो... म्हणायचा.

गेल्या वर्षी केनवडहून येताना दादाची मोटारसायकल घसरली. डोक्याला मार बसला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं, शेवटी घरी न्यायला सांगितलं. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. बोलणं नाही, हात हलत नाही. नळीने पातळ अन्न द्यायचो, पुढे पुढे तेही उलटून यायला लागलं. वहिनी त्याच्या कानाशी बोलत बसायची. मी देवळात गेलो, दर्ग्यात गेलो, कुणी काय सांगेल ते केलं. न मानणारा मी! एकदा, फक्त एकदा त्याने ओळखावं, एवढंच मागत होतो.

काहीच सुचेना, तेव्हा आमचा तोच जुना टीव्ही त्याच्या खाटेजवळ स्टुलावर आणून ठेवला. गेम जोडला. माय कडाडली, "त्याच्या पोटात घास जाऊन नाई राह्यला, अन् तू डबडे मांडून राह्यला?"

मी दादाच्या हातात बंदूक दिली, वरून माझा हात धरला. बदकं उडत राहिली. त्याची नजर छताला. मला रडू फुटलं. त्याच तिरीमिरीत टीव्ही बंद केला आणि पिन बोर्डातून उपटून फेकली.

ठिपका उरला.

आधी माझं लक्ष गेलं नाही. वहिनीने दादाची कूस बदलली, मायने चहा केला, तो पिऊनही झाला... ठिपका तसाच. पिन जमिनीवर पडलेली. भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"भाऊजी," वहिनी एकदम ओरडली, "हे पाहून राह्यले!"

खरंच, दादाचे डोळे ठिपक्यावर होते. मी स्टूल जरा सरकवलं, तर डोळेही सरकले.

"लावा न त्यायचं बोट," ती म्हणाली. आमचा खेळ तिला दादानेच कधीतरी सांगितला असणार.

"नाई वहिनी. इझला तं?"

"काहून भेता? इतक्या दिवसानं कशाकडं तरी पाहून राह्यले ते! लावा, तुमच्या पाया पडतो मी."

मी दादाचा हात धरून काचेजवळ नेला. काच चरचरली, हातावरचे केस उभे राहिले. आणि मग त्याचं बोट माझ्या मुठीतून पुढे गेलं. मी ढकललं नाही — मायची शपथ, मी नाही ढकललं. त्याने स्वतः काच दाबली. ठिपका विझला.

"झाक, बारक्या."

घोगरा, पण त्याचाच आवाज. वहिनीने ऐकला. माय तर दारातच खाली बसली.

मी वेड्यासारखं हसत-रडत कापड शोधलं, टीव्हीवर घातलं. "झाकला दादा, झाकला!" म्हणत वळलो. वहिनी त्याला गदागदा हलवत होती. दादा गेला होता.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या इरफानभाईंना नंतर विचारलं. ते म्हणाले, "ट्यूबमंदी करंट राह्यते भाऊ, पण जराकसा टाइम. चहा होऊन पिऊन होईस्तोवर नाई राह्यत. खोलून पाहू काय?" मी नको म्हणालो. डॉक्टर म्हणाले, जाण्याआधी असा पेशंट कधीकधी बोलतो. असेलही. पण दोन्ही एकाच वेळी, एकाच बोटाखाली? माझं डोकं चालत नाही.

दुकानामागच्या खोलीतले सगळे डबे मी आता रोज लावतो आणि बंद करतो. ठिपका येतो, जातो. मी बोट लावत नाही, नुसता बघत बसतो. कधी वहिनी दारात येऊन विचारते, "राह्यला काय?" मी नाही म्हणून मान हलवतो.

त्या टीव्हीवरचं कापड मात्र तसंच आहे. हरेल त्याने झाकायचं, एवढं आमचं ठरलेलं होतं. काढायचं कुणी, ते आम्ही कधी ठरवलंच नाही.