रायपूरला ताईचं कपाट आवरायला गेले

रायपूरला हौसेने कोणी जात नाही, आणि मीही गेले नसते. पण जानेवारीच्या शेवटी भाच्याचा, समीरचा फोन आला. ताई गेली त्याला तीन महिने झाले होते. समीर वडिलांना कायमचं हैदराबादला घेऊन जाणार होता, चौबे कॉलनीतलं घर विकलं होतं, आणि शनिवारी रद्दीवाला येऊन मम्मीची किताबें उचलून नेणार होता. मौसी, तुम्हाला एखादं हवं असेल तर सांगा, असंही म्हणाला. एखादं. जशी लग्नात उरलेली बुंदी.

मी एकतीस वर्षं नागपूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. माझ्या सख्ख्या बहिणीची पुस्तकं किलोवर जाणार, हे मी घरी बसून ऐकणार नव्हते. कुठल्या तरी वाचनालयात ती जशीच्या तशी पोचवायची, एवढं एकच काम घेऊन निघाले.

ताईने जन्मात कादंबरीला हात लावला नाही. मधमाशापालन, घरची वायरिंग, कावीळ, बुद्धिबळ, आकाशातले तारे, सांडपाण्याची व्यवस्था, मिठाचा इतिहास. या विषयांचा एकमेकांशी काय संबंध, असं मी तिला कैकदा विचारलं. "मला लागतात," एवढंच म्हणायची.

नागपूरहून रायपूर पाच तासांच्या आसपास. सकाळची गाडी धरा आणि खिडकी मिळवा, कारण गोंदियानंतर जंगल लागतं आणि डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ गाडीतूनच दिसतं. चहा घेऊ नका, त्याला चहा म्हणणं हा चहाचा अपमान आहे. दुर्ग-भिलाईच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्या की सामान उतरवायला घ्या. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दोनशे सांगितले. मी त्याला ग्रंथालयातला चेहरा दाखवला, शंभरावर आला. "दीदी, आप टीचर हो क्या?" म्हणाला. त्याहून वाईट, म्हटलं.

घरात निम्मं सामान बांधून झालं होतं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डावा पाय ओढत चालतात आणि आठवणीला भोकं पडली आहेत. मला ओळखलं, जेवलीस का विचारलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. समीरने कोपऱ्यावरून फरा आणला होता, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, सोबत टोमॅटोची चटणी. रायपुरात पोहे-जिलेबी सगळे खातात, तुम्ही फरा मागा.

दुपारी बूढापाऱ्यात गेले. तलावाच्या मागच्या गल्लीत एक जुनं मराठी वाचनालय आहे, स्कूटरींमधून अंग चोरत जावं लागतं. तिथले व्यवस्थापक माझ्याच वयाचे, मूळचे अमरावतीचे. मी आणलेली चार पुस्तकं त्यांनी उलटीपालटी केली. "कादंबऱ्या असत्या तं डोळे मिटून घेतल्या असत्या, ताई. मधमाशा कोण पाळून राहिलं रायपुरात?" मी त्यांना ग्रंथालय म्हणजे काय यावर थोडंसं ऐकवलं. थोडंसं म्हणजे पंधरा मिनिटं. शेवटी म्हणाले, विषयवार लावून यादी आणा, कमिटीले दाखवतो.

विषयवार लावणं हे तर माझं आयुष्य.

समीर भाऊजींना व्यायामाला घेऊन गेला होता. मी पदर खोचला. भिंतीएवढं कपाट, दीडशेच्या वर पुस्तकं आणि गोंधळ असा की बघवेना. काविळीच्या शेजारी बुद्धिबळ, ताऱ्यांच्या पुढे गटारं. तिसऱ्या फळीवर तर मधेच चार बोटं जागा रिकामी. पुस्तकं कलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना विटेचे तुकडे, ताईच्या जुन्या साडीच्या कापडात शिवलेले. कापड शिवण्याइतका वेळ होता, पुस्तकं सरकवायला नव्हता, असं मी मेलेल्या बहिणीला मोठ्याने बोलले. विटा बाल्कनीत ठेवल्या. फट बुजवली. शेती, आरोग्य, तंत्र, खगोल, इतिहास. संध्याकाळपर्यंत कपाट असं दिसत होतं की आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनीही मान डोलावली असती. भाऊजी थकून आले आणि तसेच झोपले. मी समाधानाने यादी लिहीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर भाऊजी उठले आणि पाय ओढत कपाटाशी गेले. उजवा हात पहिल्या फळीवर ठेवला. हात पुढे सरकला, थांबला, मागे आला.

"विमल, मधमाशा कुठी गेल्या?"

शेतीत, खालून दुसरी फळी, मी सांगितलं.

"अन् कावीळ?"

आरोग्यात.

त्यांनी तिसऱ्या फळीवर इकडून तिकडे हात फिरवला, आंधळा माणूस भिंत चाचपतो तसा. मग माझ्याकडे वळले. "मिनू कुठी हाय?"

मिनू त्यांची मुलगी. सहा वर्षांची होऊन तापाने गेली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. मला वाटलं, भाऊजींचं डोकं पार सुटलं. मी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. तेव्हा ते अगदी सावकाश, शहाण्या माणसासारखे बोलले.

"घेतलं तसं लावलं होतं तिनं. घरात जे झालं, त्याचं पुस्तक आणायची. क्वार्टरच्या गॅलरीत पोळं लागलं, मधमाशा आणल्या. मले कावीळ झाली, कावीळ. मिनू तारे विचारे, तारे आणले. मग पोट्टी गेली. दोन साल तिनं एक पुस्तक नाही आणलं. ते जागा तिची होती. पुढे गटार तुंबलं तवा पुन्हा सुरू केलं." मग म्हणाले, "मी विसराले लागलो तं म्हणे, रोज इथून तिथवर हात लावत चाला, सगळं आठवते. आठवे बी."

समीर दारात उभा होता. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. त्याने जन्मभर ते कपाट पाहिलं होतं.

मिनू गेली तेव्हा मी तेराव्याला पोचले होते. ग्रंथालयाची वार्षिक मोजणी चालू होती आणि मी नसले तर ती होणार नाही, असा माझा समज होता. ताईने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. तीस वर्षांनी मी आले आणि तिच्या पोरीची जागा एका दुपारीत मोडीत काढली.

मी पुस्तकं उघडून पाहू लागले. खरेदीची तारीख, नाव, काहीही मिळालं असतं तर क्रम लागला असता. एकाही पुस्तकात एक अक्षर नव्हतं. दुमडलेलं पान नाही, पेन्सिलची रेघ नाही. पुस्तकावर लिहिणं हे पाप, हे सिस्टरनी आम्हा दोघींना एकाच शाळेत शिकवलं होतं. ताईने ते शेवटपर्यंत पाळलं. छपाईची सालं पाहिली, पण निम्मी पुस्तकं तिने जुन्या बाजारातून घेतलेली, त्यांची सालं कुठलीच्या कुठली.

मग जे उरलं होतं ते केलं. सगळी पुस्तकं जमिनीवर काढली. एकेक भाऊजींच्या हातात द्यायचं, ते म्हणतील तिथे ठेवायचं. वायरिंग पहिलं, कारण लग्नानंतरच्या खोलीत दिवा नव्हता. बुद्धिबळ पाय मोडला तेव्हाचं. मधे ते थकायचे, मग आठवेना की चिडायचे. "मले काहून विचारता, तिले विचारा," असं एकदा म्हणाले. मी पुढचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

समीर आधी दारातच होता. मग खाली बसला. सायकलदुरुस्तीचं पुस्तक उचलून म्हणाला, "मौसी, ये मिठाच्या इतिहासाच्या बाद. मेरी साइकिल चोरी हुई थी, मम्मी ने पुरानी लाके खुद बनाई." अर्धी हिंदी, अर्धी मराठी, पण इतकी मराठी त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. त्याच्या हाताने अकरा पुस्तकं जागी गेली.

दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी रायपूरचं काहीही पाहिलं नाही, तेव्हा तलाव, संग्रहालय, संध्याकाळची चौपाटी यांची माहिती दुसरीकडे शोधा. वाचनालयाच्या व्यवस्थापकांना मात्र फोन केला की यादी येणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, माफ करा ताई, मी उगाच विषयवार म्हटलं. त्यांचा काही दोष नव्हता. विषयवार ही माझीच सवय.

रद्दीवाल्याला समीरने दारातूनच परत पाठवलं. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये जागा नाही हे तो महिनाभर वडिलांना सांगत होता. आता स्वतः खोकी आणून मार्करने आकडे घालत होता. तिसऱ्या खोक्यात तारे ठेवले आणि थांबला. रिकामी जागा बांधायची कशी, असं त्याने मला विचारलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तोच उठला, बाल्कनीतून विटेचे दोन्ही तुकडे आणले, चार बोटं मोजून आत लावले आणि पुढे गटारांचं पुस्तक ठेवलं. खोक्यावर आकड्याखाली मिनू असं लिहिलं. बहीण गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

चाळीस पुस्तकं उरली. ती हातात घेऊन भाऊजी नुसतेच पाहायचे. पुन्हा दिली, दुसऱ्या दिवशी दिली, काही नाही. परवापर्यंत त्यातल्या प्रत्येकाला शेजार होता आणि शेजारामुळे ती त्यांना सापडत होती. शेवटी ते म्हणाले, "हे तू घेऊन जा, विमल. माह्यापाशी हे सालं नाही राहिले आता." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत दोन पिशव्या पुस्तकं. हमालाला जास्तीचे द्यायला कुरकुर केली नाही, इतकंच खर्चाबद्दल सांगण्यासारखं आहे.

नागपूरला येऊन तीन आठवडे झाले. दर रविवारी मी हैदराबादला फोन करते. चाळीसातलं एक नाव सांगते. भाऊजी विचार करतात, मग म्हणतात, नाही, नाही येत. समीर सांगतो, कपाट लागलं आहे, सकाळी चालतात, बरीच वर्षं सापडतात, काही ठिकाणी अडखळतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.

पुस्तकं जेवणाच्या टेबलावर आहेत, पिशवीतून निघाली त्या क्रमाने. मी ती लावलेली नाहीत, लावणारही नाही. एकेक वाचते आहे. सध्या शिडाच्या होड्यांचं चालू आहे. वारा समोरून आला तर शीड कसं वळवायचं, यावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्या पानांच्या कडा बाकीच्यांपेक्षा जास्त मळलेल्या आहेत, म्हणजे ताईने ती पुन्हा पुन्हा वाचली. रायपूरला समुद्र नाही. त्या वर्षी त्या घरात काय झालं होतं, ते ती मला सांगू शकली असती. मी विषय विचारत राहिले.