डबीतली गुलाबी गोळी

नेटी हुल्कोनं सव्वीस वर्षं चर्चच्या हॉलमध्ये बिंगोचे, म्हणजे आपल्या हाउजीसारख्या खेळाचे, आकडे पुकारले. दर बुधवारी, दुपारी दोनला. शेवटच्या टेबलावरच्या ठार बहिऱ्या वासिललासुद्धा तिचा आवाज पोचायचा. पुकारता पुकारता ती त्याला डिवचायची, "बावीस! वासिल, तुझं लग्नाचं वय! गेलं रे ते, आता पुढचा आकडा बघ!" हॉल खो खो हसायचा. कॅनडात, मॅनिटोबाच्या त्या गावात हिवाळा काढायला दुसरं होतं काय? बटाटा भरलेली उकडलेली पेरोगी, बिंगो आणि नेटीची जीभ.

त्या हिवाळ्यात जिभेनंच दगा दिला. तोंड भाकरीच्या पिठासारखं कोरडं पडायचं, आकडे अंधुक दिसायचे, दोन डावांच्या मध्ये खुर्चीतच डुलकी लागायची. एका बुधवारी चेंडूवर सोळा होतं आणि ती एकसष्ट म्हणाली. वासिल "बिंगो!" म्हणून ओरडला, मग चूक निघाली, आणि काय तो गोंधळ! शेवटी चर्चच्या कमिटीनं गोड बोलून सांगितलं, "नेटी, थोडी विश्रांती घे. ईस्टरपर्यंत बघू." म्हणजे काय ते न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

तिची आई शेवटी पोटच्या पोरांची नावं विसरली होती. त्या संध्याकाळी नेटी स्वयंपाकघरात बसून रडली.

"डार्लीन, खरं सांग. मी आईच्या वाटेनं चाललेय का गं?"

डार्लीन ही तिची थोरली. घटस्फोटानंतर माहेरी येऊन राहिलेली. तिनं आईचा हात हातात घेतला. "वय झालं, आई. चालायचंच."

बरी मुलगी, सगळं गाव म्हणायचं. दर रविवारी प्रार्थनेनंतर ती आईची सात खणांची डबी भरायची. पांढरी गोळी रक्तदाबाची, पिवळी थायरॉइडची, आणि रात्रीची गुलाबी. "ही व्हिटॅमिनची, आई. ताकद येते." नेटीनं ऑक्टोबरपासून एकही रात्र चुकवली नव्हती.

ताकद येते, मग दोन घेतल्या तर? कमिटीला तोंड दाखवायचं होतं. नेटी डबी घेऊन औषधाच्या दुकानात गेली. काउंटरवर रोवेना होती, फिलिपिन्सहून आलेली, गावातली एकच फार्मासिस्ट.

"पोरी, ही व्हिटॅमिनची गोळी दोन-दोन घेऊ का? डोकं जरा ताळ्यावर येईल."

रोवेनानं गोळीवरची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. "मिसेस हुल्को, ही व्हिटॅमिन नाही. ॲलर्जीची गोळी आहे, झोप आणणारी. कुणी दिली?"

नेटीनं डबीचं झाकण लावलं.

"तुमच्या वयात ही रोज घ्यायची नसते हो. गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. तोंड सुकतं, नजर अंधुक होते, डोकं गोंधळतं, पडून हाड मोडतं. ही घेऊन गाडी चालवायची नाही, वाइनचा घोटसुद्धा नाही." तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गुलाबी गोळी त्या दिवशीच बंद झाली.

डार्लीन घरी आली तेव्हा टेबलावर सगळे खण उघडे होते.

"अगं, चिठ्ठीशिवाय मिळते ती! काय विष आहे का?" डार्लीनचा आवाज चढला. "तू पहाटे चारला उठून भांडी आपटायचीस. मला सहाला कामावर जायचं असतं. मी मरू का?"

"सांगितलं असतंस तर आपटली नसती."

"त्यानं असं होतं हे मला कुठं माहीत होतं?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचलं नाहीस. बरं, तेही सोड. व्हिटॅमिन नाही हे तर माहीत होतं? तुझ्यासमोर रडले मी, डार्लीन. वेड लागतंय का विचारलं. आणि तू माझा हात धरून 'वय झालं' म्हणालीस!"

डार्लीन रडायला लागली. नेटीला तिची कीव आली नाही. येईल असं तिला वाटलं होतं, पण नाही आली.

तीन आठवड्यांत डोकं लख्ख झालं. ईस्टरच्या आधीच कमिटीनं पुन्हा बोलावलं. नेटी खुर्चीत बसली आणि पहिलाच आकडा असा पुकारला की वासिलनं दचकून कानावर हात ठेवले. एकही चूक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांदेखत डार्लीन उठली आणि वाफाळती कॉफी आणून आईपुढं ठेवली. "घे आई, घसा सुकला असेल."

"लाखात एक मुलगी!" मागून कुणीतरी म्हणालं.

घसा खरंच सुकला होता. नेटीनं कपाकडं पाहिलं. मग उठली, कॉफी मोरीत ओतली, कप दोनदा विसळला, नळाखाली धरून पाणी भरून घेतलं आणि उभ्यानंच प्यायली.