एकाच रंगाची शेजारची पानं

पत्त्यांच्या अड्ड्यावर जिंकलेले डाव चार दिवसांत विसरले जातात. उरतात ते अर्धवट लागलेले हात. आमच्याकडे त्यांचा ढीग झालाय.

आम्ही चौघं. मी, करी रोडचा मिलिंद, त्याची शिक्षिका बायको रश्मी, आणि शिवडीच्या गोदामात काम करणारा संजू. रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी पोकर. पैसे नाहीत, प्लास्टिकच्या चिप्स. हरेल त्याने भांडी घासायची.

हातात दोन पानं येतात, मग टेबलावर सगळ्यांसाठी एकेक करत पाच उघडतात. हातातली दोन एकाच रंगाची आणि लागोपाठची असली तर ती सूटेड कनेक्टर. म्हणजे इस्पिकची सत्ती-अठ्ठी. नुसती बघितली तर कचरा. पण टेबलाने साथ दिली तर सोनं!

*

मिलिंद सावध माणूस. एक्का-राजा असल्याशिवाय खेळायचाच नाही. एकदा त्याला चौकटची पंजी-छक्की आली. "ही काय पानं झाली?" म्हणत त्याने टाकून दिली. टेबलावर पहिली तीन पानं उघडली, चौकटची सत्ती, अठ्ठी, नव्वी.

लागोपाठ पाच, तीही एकाच रंगाची. असा हात आयुष्यात एकदा येतो म्हणतात. मिलिंद उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

रश्मी शांतपणे म्हणाली, "मला बघायला आला होता तेव्हाही आधी नकारच कळवला होता."

*

रश्मीचा स्वतःचा पराक्रम वेगळाच. टेबलावर तीन बदाम होते. तिने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. चेहरा असा, की हिचे पाच बदाम होऊन रंग झालाय यात आम्हाला शंकाच उरली नाही. टेबलावरचा एक धरून माझे तीन राजे होते. मी पानं टाकली. बाकीच्या दोघांनीही टाकली.

मग तिने आनंदाने पानं दाखवली. एक बदाम, एक चौकट.

बाई चष्मा घरी विसरून आली होती. दोन्ही लालच दिसली तिला. मी माझ्या तीन राजांकडे बघत बसलो.

*

संजू अर्धवट हातामागे शेवटपर्यंत धावणारा. आणि त्याला हवं ते पान कधी येतच नाही. एकदा मात्र आलं. शेवटचं पान इस्पिकची दश्शी, संजूची लागोपाठ पाचांची सिक्वेन्स पूर्ण. तो खुर्चीवरून उठलाच.

त्याच दश्शीने रश्मीचा इस्पिकचा रंग पूर्ण झाला होता. रंग सिक्वेन्सपेक्षा मोठा. संजू उभा होता तसाच किचनमध्ये गेला आणि भांडी घासायला लागला. डाव अजून संपायचे होते.

*

गेल्या वर्षी संजूच्या वडिलांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. संजूने यायचं बंद केलं, म्हणून मग आम्हीच लालबागला त्याच्याकडे जायला लागलो. अप्पा त्याच्या पाठीमागे खुर्चीत बसून असायचे. आम्ही गेल्या-गेल्या त्यांच्याशी बोलायचो, ते बघत राहायचे.

त्या दिवशी संजूकडे बदामची अठ्ठी-नव्वी होती. टेबलावर दोन बदाम उघडे, एक पान यायचं बाकी, तो बदाम निघाला तर रंग. मी सगळ्या चिप्स पुढे केल्या. संजूचं मन खेळात नव्हतंच. त्याने पानं टाकायला हात पुढे केला.

"टाकू नको."

मला वाटलं मिलिंद बोलला. मिलिंदला वाटलं मी. मग आतून संजूची आई कणकेच्या हातांनी धावत दारात आली आणि आम्ही सगळे मागे वळलो. अप्पांची नजर संजूच्या हातातल्या पानांवर होती.

संजूचा हात तसाच हवेत. त्याने हळूच विचारलं, "अप्पा, खेळू?"

अप्पांनी मान हलवली. संजूने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. शेवटचं पान उघडायला कुणाचा हात होईना, शेवटी रश्मीने उघडलं.

किलवरची दुर्री.

आई दाराला धरून रडत होती. संजूने डोळे पुसले आणि म्हणाला, "गेलं, अप्पा."

अप्पा म्हणाले, "परत वाट."