ताणावरच्या बागेत सौरपंप

मोझरीच्या पुढं आमची संत्र्याची बाग आहे. मी अकोल्यात शिकवते, पण सुट्टी लागली की बागेत हजर. बाबांनी सौरपंप बसवला आणि मला प्रश्नांचा नादच लागला. ढग आला तर? प्लेटांवर धूळ बसली तर? बाबा वैतागायचे, "तू मास्तरीन हायेस का वकील?"

डिसेंबरात बाग ताणावर होती. म्हणजे महिनाभर झाडांना पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. मध्येच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते, फूल नाही. बाबांचा ताण कधी चुकत नाही, असं गावभर म्हणतात, आणि बाबांना त्याचा भारी तोरा.

एका दुपारी जर्मनीतल्या धाकट्या बहिणीला फोनवर पंप दाखवायचा म्हणून मी बटण दाबलं. पाणी हौदात पडू लागलं. फोनच्या पडद्यावर तिच्या खिडकीबाहेर मळभ दिसत होतं.

"तुह्याकडं ऊन तं दिसून नाही राहिलं. मंग लाइन येते कोठून?" बाबांनी तिला विचारलं.

"उनाळ्यात छपरावरच्या प्लेटा, हिवाळ्यात जास्त करून वाऱ्याचे पंखे. कमी पडली का शेजारच्या देशातून घेतात," बहीण म्हणाली.

"आन् त्यायले कमी पडली तं?"

"मंग हे जर्मनीवाले देतात."

"म्हंजे सामाईक विहीर!" बाबा खूश झाले आणि त्याच खुशीत गावात निघून गेले.

तेवढ्यात आभाळ भरून आलं, पंप आपोआप थांबला. मला सवयीनं वाटलं, लाइन गेली. आमच्याकडे मोटरचं बटण बंद करतो कोण? विजेचा काही भरवसा नाही, म्हणून ते कायम चालूच ठेवायचं, येईल तेव्हा येईल. लहानपणापासून हीच रीत. मी घरी जाऊन निवांत जेवले.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. आम्ही बागेत पोचलो तेव्हा ऊन पडताच पंप आपोआप सुरू झालेला, हौद भरून वाहत होता आणि उताराकडच्या चार ओळींत चिखल झाला होता. बाबांनी धावत जाऊन पंप बंद केला.

"लाइन गेली वाटलं न तुले?" ते एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत सगळी बाग पांढरीशुभ्र झाली आणि त्या चार ओळी तेवढ्या हिरव्यागार राहिल्या. पंप बघायला गावातले पाच-सहा जण आले. त्यांना सगळ्यात आधी तेच दिसलं.

"काहून हो, तुमचा ताण कसा चुकला?"

"माह्याच हातून बटण चालू राहिलं," बाबा म्हणाले.

एक जण हसला. बाबाही हसले. मी तिथंच, हाताच्या अंतरावर उभी होते. एरवी दहा प्रश्न विचारणारी मी, त्या चार हिरव्या ओळींकडं बघत राहिले.