अप्पांचा रविवार

आमच्या जनवाड्याच्या वस्तीतल्या विहाराच्या विटा अप्पांनी, माझ्या वडिलांनी, तरुणपणी स्वतः रचल्या होत्या. दर रविवारी संध्याकाळी ते पांढरा सदरा घालून वंदनेला पुढे बसायचे आणि कुणाचा पाली शब्द चुकला की थांबवून पुन्हा म्हणायला लावायचे. वंदना संपली की खरी बैठक सुरू व्हायची. कुणाच्या पोरीला हॉस्टेल मिळालं नाही, कुणाची मजुरी अडवली, कुणाकडे लग्न निघालंय, सगळं तिथंच बोललं जायचं. लहानपणी मला धर्म म्हणजे तो गलकाच वाटायचा.

पुढे माणसं कमी होत गेली. विहाराशी कुणाचं भांडण नव्हतं. कुणी बीदरला, कुणी हैदराबादला कामाला गेलं, आणि जे गावात राहिले त्यांनी घरातच फोटोपुढे मेणबत्ती लावायला सुरुवात केली. शेवटी आई आणि अप्पा दोघंच उरले. आई गेल्यावर अप्पा एकटेच दार उघडायचे, झाडून घ्यायचे, रिकाम्या सतरंजीसमोर वंदना म्हणायचे.

मी बीदरला बँकेत आहे. आई गेली आणि माझी झोप उडाली. गोळ्या घेऊन पाहिल्या. मग एका मैत्रिणीनं ध्यानाच्या शिबिराला नेलं. तेव्हापासून रोज सकाळी गच्चीवर डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसते. रविवारी गावी जाणं मात्र सुटलं.

गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अप्पा माझ्याकडे राहायला आले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर बसलेली असताना ते काठी टेकत वर आले.

"काय करायलीस गं?"

"बसलेय, अप्पा. मनाला बरं वाटतं."

"तुझ्या एकटीच्या मनाला?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या बापाला हॉटेलात कप वेगळा होता. समदे मिळून उठले म्हणून ते बदललं. एकेकजण गच्चीवर डोळे मिटून बसला असता तर काय झालं असतं? धर्म काय झोपेची गोळी हाय व्हय?"

ते खोटं बोलत नव्हते. तरी मी म्हणाले, "आई गेल्यापासून मला झोप येत नव्हती. ते मी बैठकीत कुणाला सांगू?"

अप्पांनी कठड्याला धरलं. मग हळूच म्हणाले, "मला बी येत न्हाई."

ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी आली. पेपर नाही, टीव्ही नाही, ते घरात नुसते तळमळायचे. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली, "श्वास बघायचा म्हंजी काय करायचं, सांग." आम्ही शेजारी शेजारी बसलो. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलू लागले. आईला निरोप देताना सगळ्या वस्तीला धीर देत उभे राहिलेले अप्पा तेव्हा रडले नव्हते. डॉक्टरांनी डोळ्याला जपायला सांगितलंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी त्यांना रडू दिलं.

बरे होऊन ते गावी गेले. त्यानंतरच्या एका रविवारी मी मुद्दाम जनवाड्याला गेले. विहाराचं दार उघडं होतं. आत अप्पा, दोन म्हाताऱ्या आणि मागच्या गल्लीतली अक्का, एवढेच. अक्काचा तरुण मुलगा नुकताच अपघातात गेला होता. अप्पांनी वंदना सुरूच केली नव्हती. ते डोळे मिटून बसले होते आणि बाकीच्या त्यांच्यासारख्या.

बऱ्याच वेळानं अक्काच बोलली. "सून जेवायली न्हाई, अप्पा. भिंतीकडं तोंड करून पडलीय. मी तिला काय सांगू?"

"सांगू नको काही," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू येतीस का? तुझ्याच वयाची हाय."

माझी बीदरची शेवटची गाडी थोड्याच वेळात होती. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, आज येत नाही. वंदना म्हणून आम्ही अक्काच्या घरी गेलो. सून खरंच भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. अप्पा दाराशी बसले, अक्कानं चूल पेटवली. कितीतरी वेळानं त्या मुलीनं कूस बदलली आणि मला विचारलं, "तुमी कोन?"

मी अप्पांकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यांची लेक." ती उठून बसली. अक्कानं भाकरी वाढली, तिनं अर्धीच खाल्ली, पण खाल्ली.